परळची लस

मुंबईत प्लेग आल्याचे निदान सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात झाले. मांडवी ही गोदीला लागून असलेली धान्याची पेठ. तळमजल्यावर वखारी, वर माळ्यामाळ्याने कोंबलेले भाडेकरू, आणि लाकडी तक्तपोशीच्या फटींतून खाली-वर फिरणारे उंदीर. निदान करणारे डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस मूळचे गोव्यातील हडफड्याचे. मुंबईत त्यांचा दवाखाना होता आणि ते महापालिकेचे सभासदही होते. त्यांच्याकडे येणाऱ्या रोग्यांना सणकून ताप चढे, जीभ जड होई, शुद्ध हरपे, आणि जांघेत किंवा काखेत एक दुखरी गाठ उठे.

अशी गाठ मराठी घरांना नवी नव्हती. पायाला जखम झाली की जांघेत येणारे अवधाण आणि हाताच्या दुखण्यावरून काखेत येणारी काखमांजरी या दोहोंना आपल्या भाषेत जुनी नावे आहेत. शरीरभर रक्तवाहिन्यांप्रमाणेच लसिकेच्याही बारीक वाहिन्या पसरलेल्या असतात आणि त्यांच्या वाटेवर जागोजाग लसिका ग्रंथी असतात. जखमेतून शिरलेला जंतू वाहत वाहत या ग्रंथीत येतो, तेथे पांढऱ्या पेशी त्याला गाठतात आणि झटापटीत ग्रंथी सुजते. साध्या जखमेत चार दिवसांत सूज उतरते, कारण पेशी जिंकतात. मांडवीतल्या रोग्यांत सूज उतरत नव्हती. जंतू ग्रंथीतच वाढून रक्तात उतरत होता आणि निम्म्याहून अधिक रोगी आठवड्याभरात दगावत होते. त्या काळच्या मराठी लेखनात या रोगाला ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हटले आहे. ग्रंथींचे दुखणे आणि सन्निपाताची बडबड ही दोन्ही लक्षणे नेमकी टिपणारे हे नाव आहे. लोकांच्या तोंडी मात्र ‘प्लेग’ हाच शब्द रुळला.

या रोगाचा जंतू त्याआधी दोनच वर्षे, १८९४ च्या जूनमध्ये, हाँगकाँगमध्ये सापडला होता. अलेक्झांडर येर्सिन आणि किटासाटो शिबासाबुरो हे दोघे तेथे वेगवेगळे काम करत होते. येर्सिनने गाठीतल्या द्रवात आखूड, दोन्ही टोकांना गडद रंग घेणारे दंडाकार जीवाणू पाहिले आणि मेलेल्या उंदरांतही तेच असल्याचे दाखवले. पुढे त्या जीवाणूला त्याचेच नाव मिळाले. चीनच्या किनाऱ्यावरून व्यापारी बोटींनी निघालेला हा रोग मुंबई बंदरात उतरला, तेव्हा रोगाचे कारण माहीत होते. तो माणसापर्यंत पोहोचतो कसा, हे मात्र माहीत नव्हते. पुढच्या दहा वर्षांत जे बरे-वाईट घडले, त्यातले बरेचसे या एका अज्ञानातून घडले.

सरकारने रोग घाणीत आणि माणसाच्या श्वासात शोधला. घरे फिनेलने धुतली गेली, छपरे उस्कटली, बिछाने जाळले, रेल्वे स्थानकांवर बायका-पुरुषांच्या जांघा-काखा तपासल्या गेल्या, रोग्याला रुग्णालयात आणि त्याच्या घरच्यांना छावणीत नेण्यात आले. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. रुग्णालयात माणसे मारून त्यांच्या देहातून मोमियाई नावाचे औषध काढतात, अशी वदंता शहरात होती. १८९१ च्या खानेसुमारीत सव्वाआठ लाखांच्या घरात असलेल्या या शहरातून १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत जवळपास निम्मी वस्ती निघून गेली. त्याच महिन्यात साथरोगांचा कायदा झाला. पुण्यात रँडच्या अमलाखाली झालेली घरझडती आणि २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी त्याच्यावर झाडलेल्या गोळ्या हा इतिहास मराठी वाचकाला पाठ आहे. पुण्यातच सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करताना प्लेगने आजारी पडल्या आणि १० मार्च १८९७ रोजी गेल्या.

याच धामधुमीत, ७ ऑक्टोबर १८९६ रोजी, वाल्डेमार मॉर्डेकाय हाफकिन मुंबईत आला. १८६० मध्ये ओडेसातल्या ज्यू कुटुंबात जन्मलेला हा माणूस वैद्य नव्हता, प्राणिशास्त्रज्ञ होता. ओडेसाच्या विद्यापीठात त्याचे गुरू होते इल्या मेचनिकोव्ह. शरीरातल्या काही पेशी जंतूंना गिळून टाकतात, ही कल्पना मेचनिकोव्हने तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचून, त्याभोवती जमलेल्या पेशी पाहून मांडली होती. हाफकिन पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पोहोचला तो सहायक ग्रंथपाल म्हणून, कारण दुसरी जागा रिकामी नव्हती. ग्रंथालयाचे काम सांभाळून उरलेल्या वेळात त्याने पटकीची लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. १८९३ मध्ये तो हिंदुस्थानात आला आणि आग्र्यापासून आसामच्या चहामळ्यांपर्यंत हजारो लोकांना पटकीची लस टोचत फिरला. तिथल्या मलेरियाने शरीर खिळखिळे झाल्यावर तो परत गेला आणि पुन्हा आला. मुंबईत त्याला ग्रँट मेडिकल कॉलेजातली एक खोली, तिच्याबाहेरचा सोपा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढे मिळाले.

लस म्हणून जिवंत जंतू वापरणे हाफकिनला धोक्याचे वाटले. जंतू मारून टोचले, तरी शरीर त्यांची ओळख पटवून घेईल, असा त्याचा विचार होता. पण त्यासाठी मेलेले जंतू भरपूर हवेत, म्हणजे आधी जिवंत जंतूंचे भरघोस पीक हवे. जंतुशाळेत त्या काळी गोमांसाचा रस्सा वापरत. हिंदूंच्या देहात जाणाऱ्या औषधाला गाईचे आणि मुसलमानांच्या देहात जाणाऱ्याला डुकराचे मांस चालणार नाही, हे ओळखून हाफकिनने बोकडाच्या मांसाचा रस्सा केला. त्यावर त्याने तुपाचे थेंब सोडले. प्लेगचा जंतू द्रवात मोकळा नीट वाढत नाही, त्याला टेकायला काहीतरी लागते. पृष्ठभागावर तरंगणाऱ्या तुपाच्या चकत्यांना तो खालून चिकटला आणि तेथून रश्श्यात लोंबू लागला, गुहेच्या छताला चुनखडीच्या काड्या लोंबाव्यात तसा. चंबू न हलवता ठेवला की हे लोंबते झुपके दिसत. इतर कोणता जंतू असा वाढत नसल्यामुळे पीक शुद्ध असल्याची ती खूणही ठरली. दर काही दिवसांनी चंबू हलवायचा, झुपके तळाला पडायचे, तुपाला नवे झुपके फुटायचे. असे पाच-सहा आठवडे चालल्यावर रस्सा गढूळ आणि गच्च होई. मग तो सुमारे ६५ अंश सेल्सिअसला तासभर तापवायचा, म्हणजे जंतू मरत, आणि टिकण्यासाठी थोडे कार्बोलिक आम्ल घालायचे.

विज्ञानाच्या इतिहासात ही तुपाची युक्ती तळटीपेत जाते, हा तिच्यावर अन्याय आहे. जंतूच्या स्वभावाचे निरीक्षण आणि ज्यांना लस टोचायची त्या माणसांचे निरीक्षण एकाच चंबूत एकत्र आले होते. पुढची वीस वर्षे सरकारी प्लेगखात्याला हे दुसरे निरीक्षण क्वचितच साधले.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिनने ही लस स्वतःला टोचून घेतली. नेहमीच्या मात्रेपेक्षा किती तरी अधिक, १० घनसेंटिमीटर. ताप चढला, टोचल्या जागी सूज आली, काही दिवसांनी उतरली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ३० जानेवारीला तेथल्या कैद्यांपैकी सुमारे दीडशे जणांनी स्वेच्छेने टोचून घेतले, बाकीच्यांनी घेतले नाही. दोन्ही गट एकाच भिंतीआड, एकच अन्न खात, एकाच हवेत राहत होते. पुढच्या दिवसांत न टोचलेल्यांपैकी १२ जण आजारी पडले आणि ६ मेले. टोचलेल्यांपैकी दोघे आजारी पडले आणि एकही मेला नाही.

आकडे लहान होते आणि शंका घ्यायला जागा होती. ज्याला जगण्याची आस अधिक, अंगात ताकद अधिक, तोच टोचून घ्यायला पुढे येतो. तो वाचला तर श्रेय लशीचे की त्याच्या प्रकृतीचे? खडकीच्या तोफखान्याच्या वस्तीत १८९७ मध्ये मोठ्या संख्येवर हिशेब मिळाला. टोचलेल्या ६७१ जणांत १७ मृत्यू, न टोचलेल्या ८५९ जणांत ९८. तरी शंका तीच राहते. तिचे उत्तर हाफकिनने बडोद्याजवळच्या उंढेरा या गावी फेब्रुवारी १८९८ मध्ये शोधले. गावात प्लेग चालू होता. वस्ती सुमारे हजाराची. त्याने घरोघरची माणसे कुटुंबवार बोलावली आणि प्रत्येक कुटुंबातल्या निम्म्या माणसांना टोचले. बाप टोचला तर भाऊ सोडला, एक मूल टोचले तर दुसरे सोडले, धडधाकट आणि अशक्त दोन्हीकडे सारखे येतील अशी काळजी घेतली. काही आठवड्यांनी अधिकाऱ्यांनी गावात जाऊन मोजदाद केली. ज्या २८ घरांत प्लेग शिरला होता, त्यांत टोचलेली माणसे ७१ होती; त्यांतली ८ आजारी पडली, ३ मेली. न टोचलेली ६४ होती. त्यांतली २७ आजारी पडली आणि २६ मेली.

एकच छप्पर, एकच चूल, आणि एवढा फरक. लशीची परीक्षा कशी घ्यावी, याचे इतके स्वच्छ उदाहरण एकोणिसाव्या शतकात दुसरे शोधावे लागेल. त्याचबरोबर हेही विसरता येत नाही की उंढेऱ्यात ज्यांना वगळले, त्यांच्यातले २६ जीव गेले. वगळायचे कोणाला, हे त्यांनी ठरवलेले नव्हते. आज अशा चाचणीला लेखी संमती लागते, देखरेखीची समिती लागते, आणि फरक स्पष्ट होताच चाचणी थांबवून सर्वांना लस द्यावी लागते. हे नियम पुढच्या पिढ्यांनी केले. त्यांची गरज मात्र अशाच गावांतून दिसली.

मेलेला जंतू शरीराला काय शिकवतो, हे तेव्हा अर्धवटच कळत होते. एका बाजूला मेचनिकोव्हचा गिळणाऱ्या पेशींचा पक्ष होता. दुसऱ्या बाजूला बेरिंग आणि किटासाटो यांनी १८९० मध्ये दाखवले होते की प्रतिकार रक्तद्रवातूनही एका प्राण्यातून दुसऱ्यात जाऊ शकतो. आज ठाऊक आहे की दोन्ही बाजू खऱ्या होत्या आणि त्या एकमेकींवाचून अपुऱ्या आहेत. दंडात टोचलेल्या मृत जंतूंना गिळणाऱ्या पेशी उचलतात, त्यांचे तुकडे करतात आणि काखेतल्या ग्रंथीत नेऊन लसिकापेशींपुढे मांडतात. लसिकापेशी लाखो प्रकारच्या असतात, प्रत्येकीला एखादाच आकार ओळखता येतो. जिचा आकार जुळतो, ती वाढीला लागते. तिच्या वंशातल्या काही पेशी प्रतिपिंडे सोडतात, काही स्मृती धरून मागे राहतात. या सगळ्याला आठवडाभराहून जास्त वेळ जातो. टोचल्यानंतरचा ताप आणि ठणका ही या कामाची बाहेर दिसणारी बाजू. खरा जंतू पुढे आलाच, तर प्रतिपिंडे त्याला चिकटतात आणि गिळणाऱ्या पेशींना तो पकडणे सोपे जाते.

प्लेगच्या जंतूजवळ या पहाऱ्यातून निसटण्याची एक खास तऱ्हा आहे. रोग पसरवणाऱ्या पिसवेच्या पोटात, म्हणजे बाहेरच्या हवेच्या तापमानाला, तो उघडा असतो. माणसाच्या किंवा उंदराच्या देहात, ३७ अंशांना, तो स्वतःभोवती प्रथिनाचे निसरडे आवरण तयार करतो आणि मग पेशींना तो गिळता येत नाही. सुरुवातीला गिळले गेलेले काही जंतू पेशीच्या आतच जिवंत राहतात, तेथेच आवरण घालतात आणि पेशी फोडून बाहेर पडतात. ज्या ग्रंथीने जंतूला अडवायचे, तीच त्याची वाढण्याची जागा होते. जांघेतली गाठ न उतरण्याचे कारण हे. हाफकिनच्या लशीची मर्यादाही यातून समजते. ती रोग होण्याची शक्यता घटवी, झालाच तर मरणाची शक्यता त्याहून घटवी, पण अभेद्य कवच देत नसे. तिचा प्रभाव काही महिन्यांत ओसरे आणि पुन्हा टोचावे लागे. फुप्फुसाच्या प्लेगापुढे तिचा फारसा उपयोग नव्हता. एडिंबरोच्या फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालच्या प्लेग आयोगाने हाफकिनच्या आकड्यांच्या नेमकेपणावर टीका केली आणि तरीही लशीने आजार व मृत्यू कमी होतात, हे मान्य केले. आजच्या ज्ञानाच्या उजेडात तो निकाल रास्त ठरतो.

साथीच्या पहिल्या दोन वर्षांत मुंबई ही जंतुशास्त्राची जणू राजधानी झाली होती. येर्सिन स्वतः आपण तयार केलेला रक्तद्रव घेऊन आला, पण त्याचा गुण येथे फारसा दिसला नाही. रॉबर्ट कॉखसह जर्मन आयोग आला, रशियन आणि ऑस्ट्रियन आयोग आले. ऑस्ट्रियन मंडळींनी जंतू व्हिएन्नाला नेले आणि १८९८ मध्ये तेथल्या प्रयोगशाळेत झालेल्या संसर्गात एक परिचर, एक परिचारिका आणि मुंबईत काम करून गेलेले डॉ. हेर्मान म्युलर मरण पावले.

लस लोकांनी घ्यावी, हे काम सर्वांत अवघड होते. सरकारी शिक्का असलेली प्रत्येक सुई संशयास्पद ठरत होती. तिसरे आगाखान तेव्हा विशीतले तरुण होते. त्यांनी आपल्या खोजा अनुयायांसमोर स्वतःला टोचून घेतले, एकदा नव्हे तर अनेकदा, आणि माझगावातली आपली खुश्रू लॉज ही वास्तू प्रयोगशाळेला वापरायला दिली. खोजा समाजात लस झपाट्याने पसरली. टोचल्याचा दाखला असेल तर विलगीकरणातून सूट मिळे, त्यामुळेही पुष्कळांनी दंड पुढे केला. छावणीच्या भीतीने घेतलेली लस आणि विश्वासाने घेतलेली लस देहात सारखेच काम करते. पण पुढच्या साथीला पहिल्या प्रकारचा माणूस पुन्हा येतोच असे नाही, आणि हा फरक पुढे मोठा ठरला.

१० ऑगस्ट १८९९ रोजी प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी तिचे उद्घाटन केले. मूळची पोर्तुगीज काळातली ख्रिस्ती मठाची ही वास्तू अठराव्या शतकात मुंबईच्या गव्हर्नरांची झाली आणि पुढे त्यांचे राहण्याचे ठिकाण बनली. १८८० च्या दशकात तेथे गव्हर्नर फर्ग्युसन यांची पत्नी पटकीने वारली आणि गव्हर्नरांचा मुक्काम मलबार पॉइंटला हलला. साथीच्या पहिल्या काळात तेथे प्लेगचे रुग्णालयही होते. जेथे मेजवान्या झडत, त्या दालनांत आता रश्श्याच्या चंबूंच्या रांगा लागल्या. देशभरातून आणि बाहेरूनही लशीची मागणी येई.

१९०२ मध्ये पंजाब सरकारने मोठी मोहीम आखून लाखो मात्रा मागितल्या. रश्श्याची पद्धत सावकाशीची होती. वेग वाढवण्यासाठी हाफकिनने जंतू आगरच्या थरावर वाढवायला सुरुवात केली आणि तयार लशीत कार्बोलिक आम्ल घालणे सोडले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकोवाल या गावी १०७ माणसांना पाच बाटल्यांतून टोचण्यात आले. त्यांतल्या ‘५३ एन’ क्रमांकाच्या एका बाटलीतून टोचलेल्या १९ जणांना आठवडाभरात धनुर्वात झाला आणि ते सर्व मेले. उरलेल्या चार बाटल्यांतून टोचलेल्या ८८ जणांना काही झाले नाही.

धनुर्वाताचा जंतू मातीत आणि शेणात राहतो. प्रतिकूल काळात तो स्वतःला जाड कवचाच्या बीजाणूत बंद करून घेतो आणि उकळत्या पाण्यातही काही वेळ टिकतो. हवा नसेल तेथेच तो उगवतो आणि मज्जातंतूंना जखडणारे विष सोडतो. प्रश्न असा होता, की तो बाटलीत शिरला कोठे? परळला भरताना, की मलकोवालला उघडताना? सरन्यायाधीश लॉरेन्स जेन्किन्स यांच्या चौकशी समितीने दोष परळवर ठेवला. कार्बोलिक आम्ल वगळल्याचा मुद्दा हाफकिनविरुद्ध गेला आणि त्याला कामावरून दूर करण्यात आले. पण समितीपुढच्याच साक्षीपुराव्यात वेगळे काही होते. बाटली उघडताना बूच काढण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच तो वापरला गेला होता. बाटली भरल्याला ४१ दिवस झाले होते. इतके दिवस धनुर्वाताचा जंतू आत वाढला असता, तर बूच निघताच दुर्गंधी सुटली असती. डॉक्टरने वास घेऊन पाहिला होता आणि वास नव्हता. मलेरियाच्या शोधासाठी नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस यांनी हे प्रकरण लावून धरले. जुलै १९०७ मध्ये रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हाफकिनची निर्दोषता मांडली. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारने त्याला पुन्हा नोकरी देऊ केली. तो कलकत्त्याला रुजू झाला, पण प्लेगची लस पुन्हा त्याच्या हाती आली नाही. १९१४ च्या सुमारास तो निवृत्त होऊन युरोपात गेला आणि २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे वारला. पाच वर्षांची बदनामी एका चिमट्यापायी झाली. ती टाळता आली असती, कारण पुरावा पहिल्या दिवसापासून कागदावर होता.

हाफकिन परळहून गेला, त्याच काळात मूळ प्रश्नाचे उत्तर त्याच वास्तूत पक्के झाले. फ्रेंच वैद्य पॉल-लुई सिमाँ येर्सिनच्या जागी मुंबईत आला होता. पिसवांच्या चाव्याच्या जागी उठणारे लहान फोड त्याने रोग्यांच्या पायांवर पाहिले आणि १८९८ च्या जूनमध्ये कराचीत, एका चंबूत आजारी उंदीर आणि जाळीपलीकडे निरोगी उंदीर ठेवून, पिसू रोग नेते हे दाखवले. त्याचे म्हणणे बहुतेकांनी हसण्यावारी नेले. परळच्या प्रयोगशाळेत आलेल्या ग्लेन लिस्टन यांनी ते धरून ठेवले आणि १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने परळच्या आवारात खास झोपड्या बांधून प्रयोगांची मालिका चालवली. आजारी आणि निरोगी जनावरे पिसवांसह एकत्र ठेवली की रोग पसरे. पिसवा नसतील, तर मलमूत्रात शेजारी शेजारी लोळूनही पसरत नसे. पिसवांना उडी मारून पोहोचता येणार नाही इतक्या उंचीवर टांगलेले गिनीपिग वाचत, जमिनीलगतचे मरत. प्लेगने रिकाम्या झालेल्या खोल्यांत सोडलेले गिनीपिग पिसवा गोळा करून आणत आणि पुढे स्वतः मरत. माकडांच्या पिंजऱ्याभोवती चिकट कागदाचा पट्टा लावला की ती सुरक्षित राहत. शहरात आधी गटारांतला आणि वखारींतला तपकिरी उंदीर मरतो, मग घरातला काळा उंदीर, आणि त्यानंतर दोनेक आठवड्यांनी माणूस, असा क्रमही आयोगाने मेलेल्या उंदरांच्या मोजणीवरून लावला. पिसू रोग कशी देते, हे १९१४ मध्ये बॅकट आणि मार्टिन यांनी लंडनमध्ये उलगडले. तिच्या पोटाच्या तोंडाशी जंतूंचा बोळा बसतो, रक्त आत जात नाही, भुकेली पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि प्रत्येक चाव्यात अडलेले रक्त जंतूंसह उलटे सोडते.

हे कळण्याआधीच खेड्यांतल्या लोकांनी एक रीत धरली होती. घरात ‘उंदीर पडू लागले’ की गाव सोडून माळावर, शेतात झोपड्या घालायच्या आणि साथ सरेपर्यंत तेथेच राहायचे. प्लेगच्या वर्षांत महाराष्ट्राच्या कितीतरी गावांनी ओळीने हंगाम असे काढले. उंदीर मेला की त्याच्या थंड पडणाऱ्या अंगावरून पिसवा उतरतात आणि जवळचे उबदार अंग शोधतात. त्या क्षणी घर सोडणे, हा फिनेलच्या पिंपांपेक्षा आणि छावणीच्या कुंपणांपेक्षा कितीतरी नेमका उपाय होता. सरकारनेही पुढे सक्ती सैल केली आणि गाव रिकामे करण्याला प्रोत्साहन दिले. हे ज्ञान सरकारी अहवालांत ‘स्थानिक समजूत’ म्हणून नोंदले गेले. ती समजूत नव्हती, मेलेल्या उंदरांकडे डोळे उघडे ठेवून पाहिल्याचे फळ होते.

हिंदुस्थानात या साथीने एक कोटीहून अधिक माणसे नेली. १९०७ हे एकच साल दहा लाखांहून अधिक बळींचे होते. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईहून प्लेगच्या लशीच्या २.६ कोटी मात्रा बाहेर पडल्या. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला हाफकिनचे नाव देण्यात आले. तो तेव्हा हयात होता. १९३२ मध्ये साहिबसिंग सोखी हे संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले आणि त्यांच्या काळात लशीच्या उत्पादनात मोठ्या सुधारणा झाल्या. १९४० च्या दशकात सल्फा औषधे आणि मग स्ट्रेप्टोमायसिन आल्यावर गाठीचा रोगी वेळेवर पोहोचला तर बरा होऊ लागला. लशीचे महत्त्व ओसरत गेले. १९७५ मध्ये संस्थेचे दोन भाग झाले. संशोधन आणि चाचणी जुन्या संस्थेकडे राहिली, औषधे व लशी बनवण्याचे काम नव्या महामंडळाकडे गेले. १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावी गाठींचा प्लेग पुन्हा दिसला आणि पुढच्या महिन्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगाने लोकांना पळवले. तोवर उपचार टेट्रासायक्लिनच्या गोळ्यांनी होत होता. मामल्यातही माणसे आजारी पडण्याआधी घराघरांत उंदीर पडू लागले होते.